मराठी मंडळ, बी विंग: एसीच्या कॉइलला कोटिंग करायचं का?

स्वप्नील (३०२): नमस्कार मंडळी. सी विंगमध्ये एक जण आला होता, आउटडोअरच्या कॉइलवर 'नॅनो कोटिंग' फवारून देतो म्हणाला. युनिटला १८०० रु., दहा घरं झाली तर १५००. नावं द्या.

वैशाली वहिनी (१०१): आमचं एक लिहा. दर उन्हाळ्यात गॅस भरावा लागतो, कंटाळले आता.

प्रसाद (५०३): आमचे दोन.

मोहिते काका (२०४): थांबा जरा. वैशाली, गॅस वापरून संपत नसतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी भोक आहे. कुठे ते कुणी शोधलं का?

वैशाली वहिनी: यंदाचा मेकॅनिक म्हणाला, आतल्या युनिटची कॉइल गळतेय.

मोहिते काका: मग बाहेर फवारा मारून आतलं भोक कसं बुजणार?

स्वप्नील: काका, पण तो म्हणत होता की कांसेच्या, म्हणजे सांडपाण्याच्या उघड्या नाल्याच्या, घाण वासानेच कॉइल सडतात. आपल्या भिंतीलगतच कांस आहे.

मोहिते काका: तेवढं खरं बोलला. साचलेल्या सांडपाण्यातून हायड्रोजन सल्फाइड निघतो, तो तांब्याला खातो. सर्व्हर रूमवाले हवा कितपत वाईट आहे ते बघायला तांब्याच्या आणि चांदीच्या पट्ट्या महिनाभर टांगून ठेवतात. आयएसए ७१.०४ नावाचं मानकच आहे. ३० दिवसांत तांब्यावर ३०० अँगस्ट्रॉमपेक्षा (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) कमी थर चढला तर हवा सौम्य धरतात. आपल्याला एवढं नको. कांसेकडच्या खोलीतलं चांदीचं निरांजन घासून ठेवा आणि कपाटातल्या वाटीशी ताडून बघा.

वैशाली वहिनी: बघायला कशाला हवं? देवघर त्याच बाजूला आहे. संकष्टीला घासलेला करंडा पुढच्या संकष्टीपर्यंत काळाठिक्कर!

अनघा (४०४): आमच्याकडे खिडकी रस्त्याकडे, तरी नव्या एसीची आतली कॉइल दुसऱ्याच वर्षी गेली. ☹️

मोहिते काका: तेव्हा घरात फर्निचरचं काम झालं होतं ना तुमच्या? प्लायचा डिंक, पॉलिश यातून फॉर्मिक आणि अ‍ॅसेटिक आम्ल हवेत येतं. ओलावा मिळाला की तांब्याच्या नळीत मुंग्यांच्या वारुळासारखे बोगदे पडतात, वरून दिसतही नाहीत. काम चालू असताना एसी बंद, खिडक्या उघड्या.

प्रसाद: काका, आमची तर निळ्या पत्र्यांची कॉइल आहे. ती गंजत नाही म्हणून दुकानदाराने जास्त घेतले.

मोहिते काका: निळा थर असतो पत्र्यावर, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमवर. पाणी थेंब न धरता निथळून जावं हा त्याचा एक मोठा हेतू. थर आधी लागतो, मग पत्रा कापतात, म्हणून कडा उघड्याच राहतात. तांब्याच्या नळ्या आणि जोडही उघडे. खरं कोटिंग कारखान्यात होतं: अख्खी कॉइल इपॉक्सीच्या टाकीत बुडवून, वीज सोडून, मग भट्टीत. थर साधारण १५ ते ३० मायक्रॉन. दमणला समुद्रासमोर घर असतं तर मी स्वतः तशीच मागितली असती. तिथे खारट ओलाव्यात तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना टेकले की अ‍ॅल्युमिनियमची पांढरी भुकटी होते.

प्रसाद: मग फवारणी अगदीच फुकट?

मोहिते काका: नव्या, कोरड्या, स्वच्छ कॉइलवर नीट केली तर थोडा उपयोग. पण फवारा पुढच्या एक-दोन ओळींपर्यंतच पोहोचतो. मळावर मारला तर घाण आणि ओल आतच कोंडते. जाड झाला तर उष्णता बाहेर पडत नाही, वीजबिल वाढतं. त्याला एवढंच विचारा: आधी धुऊन वाळवणार का, आणि एका युनिटला किती वेळ?

स्वप्नील: विचारलं. म्हणतो धुवायची गरज नाही, दहा मिनिटांत होतं.

मोहिते काका: झालं तर मग.

अनघा: आमच्या आउटडोअरवर कबुतरांचा थर आहे, त्याचं काय?

मोहिते काका: तो आधी काढा, त्यातला अमोनिया तांब्याला वाईट. साध्या पाण्याने, हलक्या धारेने. अ‍ॅसिडवाला क्लीनर कुणी काढला तर हात धरा त्याचा. वर जाळी बसवा, पण हवेच्या वाटेत नको.

स्वप्नील: यादी रद्द. जाळीवाल्याचा भाव काढतो, कुणाकुणाला हवी?

वैशाली वहिनी: १०१ लिही. आणि आतली कॉइल बदलायचं कोटेशन आलं की इथे टाकते, काका बघा जरा.