क्वांटम लीपमधला चिंपांझीवाला एपिसोड, खरंच असं व्हायचं का?

घोडबंदरकर: ठाणे-वाशी लोकलमध्ये जुनी क्वांटम लीप बघत होतो, ती अमेरिकन सिरीयल ज्यात हिरो सॅम बेकेट भूतकाळात जाऊन दुसऱ्यांच्या अंगात शिरतो. या वेळी डायरेक्ट अंतराळवाल्या चिंपांझीच्या अंगात! आपल्याला सॅम झालेला नट स्कॉट बकुला दिसतो लंगोटात आणि बाकीच्यांना चिंपांझी, बाजूचे काका पण डोकावून हसत होते, पण मग ते हेल्मेटच्या टेस्टसाठी चिंपांझींची डोकी आपटायचं प्रकरण आलं आणि मूडच गेला. असलं काही खरं होतं का रे?

ऐरोली_नाईट_शिफ्ट: डोक्याचं त्या एपिसोडपुरतं सोड, पण अमेरिकेत न्यू मेक्सिकोत हवाई दलाच्या होलोमन तळावर चिंपांझींना रॉकेटच्या स्लेडला बांधून झटके द्यायचेच की. आणि तारीख बघ ना, सॅम पोचतो २४ जानेवारी १९६१ ला, अंतराळात गेलेला खरा चिंपांझी हॅम उडाला ३१ ला, साधारण साडेसोळा मिनिटं. लाईट लागला की लीव्हर ओढायचा, बरोबर तर केळ्याच्या चवीची गोळी, चुकला तर पायाला शॉक. एनॉस नावाच्या दुसऱ्या चिंपांझीचं तर अजून वाईट, त्याच वर्षी नोव्हेंबरात पृथ्वीला दोन फेऱ्या मारल्या, लीव्हर बिघडला म्हणून बरोबर करूनही शॉक खाल्ले, तरी पठ्ठ्या काम करतच राहिला.

नेरुळची_मावशी: माझ्या लेकीचा पहिला प्रश्न, हॅमचं पुढे काय झालं? वॉशिंग्टनच्या झूमध्ये कितीतरी वर्षं एकटा, १९८० मध्ये नॉर्थ कॅरोलायनाला दुसऱ्या चिंपांझींसोबत ठेवला, १९८३ मध्ये गेला. एपिसोड मात्र गोड शेवट करून मोकळा.

घोडबंदरकर: एनॉसचं माहीतच नव्हतं यार. त्याच्यावर डॉक्युमेंटरी असेल तर सांगा.