हेडलाइटच्या काचा पिवळ्या व धुरकट झाल्या आहेत : घरी साफ कराव्यात की बदलाव्यात? सल्ला हवा

कृष्णाकाठ :

नमस्कार. माझ्याकडे २०१२ सालची हॅचबॅक आहे आणि ती सोसायटीच्या आवारात बाराही महिने उघड्यावरच उभी असते. दोन्ही हेडलाइटच्या काचा आता पिवळसर, धुरकट झाल्या आहेत. वरच्या भागावर दुपारचे ऊन थेट पडते. तिथे बोट फिरवले की खरखर लागते आणि कडेला बारीक पापुद्रे सुटलेले दिसतात. आम्हाला सांगलीहून आंबा घाटमार्गे रत्नागिरीला वरचेवर जावे लागते. रात्री साखरप्याच्या बाजूला उतरताना वळणाच्या आतली कड वेळेवर दिसत नाही, त्यामुळे हा प्रश्न आता केवळ दिसण्याचा राहिलेला नाही. शिवाय पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर नोंदणीच्या नूतनीकरणासाठी गाडी तपासणीला न्यावी लागेल, ते वेगळेच.

कोणी टूथपेस्टने घासा म्हणते, कोणी तयार किट घ्या म्हणते, तर गॅरेजवाले थेट नवे हेडलाइट बसवायला सांगत आहेत. घरी हाताने करण्याजोगे काम असेल, तर ते नेमके कसे करावे आणि किती टिकेल, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

फिरस्ता_कराड :

टूथपेस्टने काचा उजळतात, हे खरे आहे, कारण तिच्यात बारीक घर्षक असते. परंतु ती चमक काही आठवड्यांपलीकडे सहसा टिकत नाही. डास पळवणारे मलम किंवा फवारा चोळण्याचा जो व्हिडिओ सर्वत्र फिरतो, त्याच्या वाटेला मात्र मुळीच जाऊ नका. त्यातील डीईईटी हे रसायन प्लास्टिकचा वरचा थर विरघळवते, म्हणून काच क्षणभर लखलखीत दिसते आणि पुढे तिच्यावर केसासारख्या भेगांचे जाळे पडू शकते. थिनर, ॲसिटोन आणि पेट्रोल यांनाही हीच गोष्ट लागू आहे.

रंगशाळा :

डेंटिंग-पेंटिंगच्या कामात असल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

अँबॅसिडर किंवा प्रीमिअर पद्मिनीचे दिवे कधी पिवळे पडत नसत, कारण त्यांच्यावर खरी काच होती. आताच्या काचा पॉलिकार्बोनेट प्लास्टिकच्या असतात. हे प्लास्टिक दगड लागूनही सहसा फुटत नाही, पण अतिनील किरणांपुढे त्याचा टिकाव लागत नाही. म्हणून कारखान्यातच त्यावर एक कठीण, पारदर्शक लेप दिलेला असतो. ऊन, धूळ आणि कोरड्या फडक्याने वारंवार पुसणे यांनी तो लेप वर्षानुवर्षे झिजतो. मग उघडे पडलेले प्लास्टिक पिवळे होऊ लागते. आपण ज्या पापुद्र्यांचा उल्लेख केला आहे, ते त्याच लेपाचे अवशेष आहेत.

काम हाती घेण्यापूर्वी काचेवर नुसते पाणी ओता. ओली असेपर्यंत काच स्वच्छ दिसत असेल, तर खराबी बाहेरच्या पृष्ठभागावर आहे आणि घासून ती निघेल. ओली करूनही धुरकटपणा तसाच राहिला, तर ओल किंवा धूर आत शिरलेला असण्याची शक्यता जास्त. अशा वेळी बाहेरून कितीही घासले तरी उपयोग नाही.

घासण्यासाठी वॉटर पेपर, म्हणजे पाण्यात भिजवून वापरायचे पॉलिश पेपर, ८००, १०००, १५००, २००० आणि ३००० क्रमांकांचे घ्यावेत; क्रमांक जितका मोठा, तितका कागद बारीक. बॉनेट, बंपर आणि फेंडरच्या कडांवर मास्किंग टेप दुहेरी लावावी, कारण हात घसरला की रंग जातो आणि मग माझ्यासारख्याकडे यावे लागते. बादलीत स्वच्छ पाणी घेऊन त्यात भांडी घासण्याच्या द्रव साबणाचे चार थेंब टाकावेत आणि कागद त्यात भिजवून हलक्या हाताने, सरळ रेषेत घासावे. पहिल्या कागदाने जे पाणी ओघळते, ते पिवळट असते. ते दुधासारखे पांढरे येऊ लागेपर्यंत पुढचा कागद हातात घेऊ नये. काचेवर कुठेही जुन्या लेपाची बेटे शिल्लक राहिली, तर शेवटी नेमकी तीच डागासारखी दिसतात, म्हणून सर्वांत जास्त वेळ याच टप्प्याला द्यावा. पुढचा प्रत्येक कागद आधीच्या रेघांना काटकोनात चालवावा, म्हणजे जुन्या रेघा गेल्या की नाही हे लगेच कळते. कागद बदलताना पाणीही बदलावे, कारण जाड कागदाचा एखादा कण पाण्यात राहिला तरी नवे ओरखडे पडतात. या कामात काच पूर्ण पांढरी, अपारदर्शक दिसू लागते. त्याने घाबरून जाऊ नये.

इथपर्यंतचे काम कोणीही करू शकते. किती टिकणार, हे पुढच्या लेपावर ठरते आणि बहुतेक लोक नेमका तोच टाळतात. जुना लेप आपण स्वतः काढून टाकलेला असतो, त्यामुळे नुसते रबिंग कंपाउंड (चमक आणणारी घर्षक पेस्ट) मारून गाडी उन्हात उभी केली, तर काच पूर्वीपेक्षाही लवकर पिवळी पडते.

लेपाचे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग असा : ३००० पर्यंत घासून, रबिंग कंपाउंडने चमक आणून, त्यावर अतिनील किरणांपासून संरक्षण देणारे सीलंट किंवा सिरॅमिक कोटिंग लावावे. हे घरी जमण्यासारखे आहे, मात्र ते ठरावीक काळाने पुन्हा लावावे लागते. दुसरा मार्ग टू-के क्लिअर कोटचा, म्हणजे हार्डनर मिसळून मारायच्या लॅकरचा. तो वर्षानुवर्षे टिकतो. या मार्गाने जायचे असेल, तर १००० किंवा फार तर १५०० क्रमांकावरच थांबावे, कंपाउंड मारू नये; बारीक रेघा क्लिअर कोट भरून काढतो आणि खरखरीत पृष्ठभागावर त्याची पकडही चांगली बसते.

कृष्णाकाठ :

इतक्या तपशिलाने लिहिल्याबद्दल मनःपूर्वक आभार. पाणी ओतून पाहिले. काच ओली असताना स्वच्छ दिसते, म्हणजे दोष बाहेरचाच आहे. टू-के क्लिअर कोट मी घरी स्प्रेच्या डब्याने मारू शकतो का? आणि हे काम पावसाळ्यात करता येईल का?

रंगशाळा :

डबे मिळतात, पण माझे मत विचाराल तर घरी मारू नका. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. ते श्वासावाटे आत गेले, तर दम्यासारखा कायमचा त्रास जडू शकतो आणि साध्या कापडी मास्कने ते अडत नाही. त्यापेक्षा घासण्याचे काम घरी करून ओळखीच्या पेंटरकडून फक्त क्लिअर मारून घ्या. त्याआधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने काच पुसून कोरडी होऊ द्यावी आणि नंतर तिला उघड्या बोटांचा स्पर्शही होऊ देऊ नये. हवेत दमटपणा असताना क्लिअर कोट दुधाळ पडतो, म्हणून पावसाळा संपल्यावरच हे काम काढावे. तोवर घाटात जायचेच असेल, तर पहिल्या मार्गाने तात्पुरते भागेल.

मीटर_हाती :

वरील सल्ला योग्यच आहे. मात्र उजेड कमी असण्याचे सारे खापर काचेवर फोडण्यापूर्वी एक तपासणी अवश्य करावी. इंजिन आणि हेडलाइट चालू ठेवून बॅटरीच्या टोकांवर, आणि नंतर बल्बच्या कनेक्टरवर, मल्टिमीटरने व्होल्टेज मोजावे. जुन्या गाड्यांत गंजलेले अर्थिंग आणि झिजलेला स्विच यांमुळे बल्बपर्यंत पोहोचेतो एखाद-दीड व्होल्ट सहज गळतो. हॅलोजन बल्बचे व्होल्टेज १० टक्क्यांनी घटले, की त्याचा प्रकाश जवळपास ३० टक्क्यांनी घटतो. अशा वेळी रिले (बॅटरीतून बल्बला थेट वीज सोडणारा विजेवर चालणारा स्विच) असलेले वायरिंग बसवले, तर नेहमीचा ६०/५५ वॅटचाच बल्ब चांगला उजळतो.

दूरदेशी_पुणेकर :

अमेरिकेतील वाहनचालकांची संघटना ट्रिपल-ए हिने २०१८ मध्ये चाचण्या घेतल्या होत्या. त्यांत खराब झालेल्या काचांतून नव्या दिव्याच्या सुमारे २० टक्केच प्रकाश बाहेर पडत असल्याचे आढळले आणि साफ केल्यानंतर तो सुमारे ७० टक्क्यांपर्यंत परत आला. म्हणजे घासून बराच फरक पडतो, तरी दिवा नव्यासारखा होत नाही. रिफ्लेक्टरची चकाकी गेली असेल किंवा काचेला आतून भेगा असतील, तर गॅरेजवाल्यांचे म्हणणे मान्य करून दिवे बदलणेच बरे. बदलताना स्वस्तातले नग घेऊ नयेत. त्यांच्यावरील लेप अनेकदा इतका पातळ असतो की ते लवकरच पिवळे पडतात.

फिरस्ता_कराड :

आणखी एक विनंती. काच धुरकट आहे म्हणून जास्त वॅटचे बल्ब किंवा हॅलोजनच्या जागी एलईडी बसवू नका. धुरकट काचेत प्रकाश विखुरतो, त्यामुळे आपल्याला रस्ता जेमतेम तेवढाच दिसतो आणि समोरून येणाऱ्याचे डोळे मात्र दिपतात. काचा साफ झाल्यावर सपाट जागी भिंतीसमोर गाडी उभी करून दोन्ही दिव्यांचे लो बीम एका उंचीवर पडतात का, तेही पाहून घ्या. दिवे सुटे करून क्लिअर मारला असेल, तर ते परत बसवताना प्रकाशझोताचा कोन बदलू शकतो.