दीडशे चौरस मीटरच्या आतील भूखंडावर घर बांधण्यास परवानगी लागते की नाही?

प्रश्न : तीसबायचाळीस

नमस्कार. पश्चिम महाराष्ट्रातील एका 'ड' वर्ग महानगरपालिकेच्या हद्दीत वडिलांनी १९९४ साली मंजूर रेखांकनातला (लेआउटमधला) ३० बाय ४० फुटांचा, म्हणजे सुमारे १११ चौरस मीटरचा भूखंड घेतला होता. वडील आता हयात नाहीत. मालमत्ता पत्रकावर वारस म्हणून आई, मी आणि धाकटी बहीण अशी तिघांची नावे लागली असून दिवाळीनंतर तळमजला आणि वर एक मजला असे घर बांधण्याचा विचार आहे.

आमच्या ठेकेदाराचे म्हणणे असे, की दीडशे मीटरच्या आतल्या प्लॉटला सरकारने परवानगी माफ केली आहे, शुल्क भरल्याची पावती हीच परवानगी, आणि ती पावतीसुद्धा काम जोत्यापर्यंत आल्यावर घेतली तरी चालते. बँकेतील अधिकारी मात्र मंजूर नकाशा आणि बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र आणल्याशिवाय गृहकर्जाचा अर्ज पुढे सरकवायला तयार नाहीत. दोघांपैकी बरोबर कोण? शिवाय शेजाऱ्याने बाजूला इंचभरही जागा सोडलेली नाही, तेव्हा आपणही सोडू नये, असा ठेकेदाराचा आग्रह आहे. बहीण मस्कतला असते आणि तिला इतक्यात येता येणार नाही, हीही एक अडचण आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ : जोतेतपासणी

मी परवानाधारक अभियंता आहे आणि हा प्रश्न महिन्यातून चार वेळा तरी माझ्यासमोर येतो. ठेकेदार निम्मे खरे बोलत आहे, आणि घोटाळा त्या उरलेल्या निम्म्यात आहे.

बृहन्मुंबई आणि आणखी काही क्षेत्रे वगळता राज्यभर लागू असलेली एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २ डिसेंबर २०२० रोजी मंजूर झाली. तिच्यात १५० चौरस मीटरपर्यंतचे भूखंड कमी जोखमीच्या वर्गात धरले आहेत. अशा भूखंडावर विहित नमुन्यातला अर्ज, मालकीची कागदपत्रे, परवानाधारक तंत्रज्ञाने नियमांप्रमाणे तयार करून प्रमाणित केलेला नकाशा आणि शुल्क भरल्याची पावती हीच परवानगी मानली जाते. १५० ते ३०० चौरस मीटरच्या भूखंडांसाठी दहा दिवसांत परवानगी देण्याची तरतूद आहे. म्हणजे माफ झाली आहे ती नगररचना विभागाची आगाऊ छाननी आणि तिच्यात जाणारे महिने. नियम माफ झालेले नाहीत. पूर्वी नकाशातली चूक कनिष्ठ अभियंता लाल शाईने दाखवून परत पाठवत असे, आता ती चूक थेट भिंतीत उतरते आणि तिची जबाबदारी मालकावर व नकाशावर सही करणाऱ्या माझ्यासारख्यावर येते.

पावती नंतर घेतली तरी चालते, हे साफ चुकीचे आहे. अर्ज आणि शुल्क आधी, कुदळ नंतर. पावतीच्या आधी पाया खोदला तर ते महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार अनधिकृत विकसन ठरते आणि कलम ५३ ची नोटीस ठेकेदाराच्या नव्हे, तुमच्या नावाने निघते.

आता बाजूच्या अंतराविषयी. तुमचा भूखंड मीटरमध्ये ९.१४ बाय १२.१९ आहे. समोर ३ मीटर आणि दोन्ही बाजूंना व मागे दीड मीटर असे सामासिक अंतर, म्हणजे कडेने मोकळी सोडायची जागा, धरले, तर बांधकामाला ६.१४ बाय ७.६९ मीटरचा तुकडा उरतो. त्याचे क्षेत्रफळ होते सुमारे ४७ चौरस मीटर, म्हणजे एका मजल्यावर ५०८ चौरस फूट आणि दोन मजले मिळून हजार फुटांच्या थोडे वर. नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर मूळ चटईक्षेत्र निर्देशांक (भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येते ते प्रमाण) १.१० धरला, तर हिशेबाने तुम्हाला सुमारे १,३२० चौरस फूट मिळायला हवेत. मधल्या या तीनशे फुटांवर डोळा ठेवूनच ठेकेदार बाजूचे अंतर खायला सांगत आहे, पण निर्देशांक शिल्लक आहे म्हणून सामासिक अंतरात बांधण्याचा हक्क मिळत नाही. तुमचे मूळ रेखांकन ओळीच्या घरांसाठी मंजूर असेल तर अंतराचे नियम निराळे लागतात, म्हणून मंजूर रेखांकनाची प्रत आधी मिळवावी. शेजाऱ्याचे बांधकाम कोणत्या काळात आणि कोणत्या नियमांखाली झाले, हे त्याच्या नकाशावरूनच कळेल; त्याच्या भिंतीकडे पाहून तुमचा नकाशा ठरत नाही.

उत्तर २ : पडवीतून

गेल्या वर्षी १२० चौरस मीटरवर घर बांधले, त्या अनुभवावरून लिहितो. वरील उत्तरात एक गोष्ट राहिली, ती म्हणजे मोजणी. मालमत्ता पत्रकावरचे क्षेत्र आणि जागेवरचे क्षेत्र एकच असेल, असे गृहीत धरू नका.

माझा नकाशा पत्रकावरील मापांवरून तयार झाला होता. आखणीच्या दिवशी चुन्याच्या रेघा मारताना गवंड्यानेच टेप दोनदा लावून पाहिला आणि म्हणाला, "साहेब, मागच्या अंगाला फूटभर कमी भरतंय." पुढे भूमी अभिलेख कार्यालयात मोजणी फी भरली, भूकरमापक आले, आणि मागच्या मालकाचे जुने कुंपण आमच्या हद्दीत सव्वा फूट आत असल्याचे मोजणीच्या नकाशावर, म्हणजे 'क' प्रतीवर, स्पष्ट दिसले. मागच्या गृहस्थांशी समजुतीने बोलणे झाले, पण कुंपण सरकायला तीन महिने गेले, आणि तोवर आणून टाकलेल्या वाळूत मांजरांनी संसार थाटला. हीच मोजणी आधी केली असती तर नकाशा दुसऱ्यांदा काढावा लागला नसता.

आणखी एक सांगतो. मालमत्ता कराची आकारणी झाली की घर अधिकृत झाले, असे आमच्या गल्लीत बरेच जण समजतात, पण तसे नाही. महानगरपालिका अनधिकृत बांधकामालाही कर लावते आणि महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६७ अ प्रमाणे शास्ती, म्हणजे दंडही आकारू शकते.

उत्तर ३ : निवृत्त शाखाधिकारी

बँकेच्या अधिकाऱ्यावर रागावू नये. त्याच्यापुढची कागदपत्रांची यादी जुनी असते आणि तिच्यात प्रारंभ प्रमाणपत्र हा शब्द छापलेला असतो. आपण प्रमाणित नकाशा, शुल्काची पावती आणि नियमावलीतील संबंधित तरतुदीची प्रत असे तिन्ही कागद बँकेच्या वकिलांकडे देऊन, ही पावती प्रारंभ प्रमाणपत्राच्या जागी ग्राह्य धरली जाईल काय, याचे उत्तर लेखी घ्यावे, आणि तेही ठेकेदाराला उचल देण्यापूर्वी. कर्जाची रक्कम जोते, स्लॅब, गिलावा अशा टप्प्यांनी सुटत असल्यामुळे नकाशात नसलेली खोली जागेवर दिसली की पुढचा हप्ता थांबतो.

बहीण सहमालक आहे, त्यामुळे अर्जावर आणि कर्जाच्या कागदांवर तिची सही लागणारच. तिने मस्कतच्या भारतीय दूतावासात कुलमुखत्यारपत्र साक्षांकित करून पाठवावे. परदेशात झालेला असा दस्त राज्यात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते. पाकीट कपाटात पडून राहू देऊ नये. बहिणीला हिस्सा सोडायचा असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करावे लागेल, पण तो तिचा निर्णय आहे आणि घाईत सुचवण्याची गोष्ट नव्हे.

उपप्रश्न : मळ्याकाठी

मूळ प्रश्नाला जोडून विचारतो. माझे अडीच गुंठे गुंठेवारीतले, म्हणजे मंजूर रेखांकनाशिवाय तुकडे पाडून विकलेल्या जमिनीतले आहेत. ही पावतीची सोय मला मिळेल काय?

उत्तर ४ : जोतेतपासणी

नाही. अडीच गुंठे म्हणजे सुमारे २५३ चौरस मीटर, त्यामुळे आपण दीडशेच्या वर्गात मुळात बसत नाही. शिवाय आधी तो भूखंड कायदेशीर झाला पाहिजे. २००१ चा गुंठेवारी कायदा १ जानेवारी २००१ पूर्वीच्या भूखंडांपुरता होता. २०२१ च्या दुरुस्तीने ती मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढवली. खरेदीखताची तारीख पाहा, त्या आतले असेल तर नियमितीकरणाचा अर्ज करा आणि बांधकामाचा विषय त्यानंतरच काढा.

तीसबायचाळीस (तीन आठवड्यांनी)

सर्वांचे आभार. मोजणीचे पैसे भरले आहेत, तारीख पुढच्या महिन्यातली मिळाली. जुनी फाईल चाळताना वडिलांनी जपून ठेवलेली मंजूर रेखांकनाची निळी प्रत सापडली; भूखंड स्वतंत्र घरासाठीच आहे, त्यामुळे दीड मीटरचे अंतर सोडावे लागणार. ठेकेदाराने बाजूच्या मोकळ्या जागेत दाखवलेला जिना नव्या अभियंत्यांनी घरात घेतला, आणि त्यात स्वयंपाकघर आठ बाय नऊ फुटांचे उरले. कागद समजून आई सही करायला तयार आहे, पण ओटा पूर्वेला बसत नाही, हे तिला अजून पटलेले नाही.