कढीपत्त्यातील कॅल्शियम: ८३० मिलिग्रॅम की दोन हजारांहून अधिक?

ऐरोलीकर:
आमच्या सोसायटीच्या आवारातील कढीपत्ता चांगलाच फोफावला असून त्याची पाने सुकवून पूड करण्याचा विचार आहे. आईची हाडे ठिसूळ होत असल्याने ही पूड तिला द्यावी, असे अनेकांनी सुचवले. मात्र एका तक्त्यात १०० ग्रॅम पानांत ८३० मिलिग्रॅम कॅल्शियम दाखवले आहे, तर दुसरीकडे हाच आकडा दोन हजारांच्या पुढे आहे. कोणता ग्राह्य धरावा?

नौपाड्याची सुगरण:
दोन्ही, कारण ते एकाच वस्तूचे नाहीत. ८३० हा आकडा हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यांतील, ताज्या पानांचा आहे (संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांत तो याहून कमी आहे). ताज्या पानांत सुमारे ६४ टक्के पाणी असते. ते उडून गेल्यावर तेवढेच कॅल्शियम उरलेल्या ३६ ग्रॅममध्ये राहते, म्हणून १०० ग्रॅम पुडीचा हिशेब २,३०० मिलिग्रॅमच्या आसपास जातो. ताज्या मेथीच्या ३९५ शी या पुडीची तुलना करून कढीपत्ता सहापट सरस ठरवणे ही निव्वळ दिशाभूल आहे. शिवाय फोडणीतील आठ-दहा पाने जेमतेम ग्रॅमभर भरतात, आणि तीही बहुतेक घरांत ताटाच्या कडेलाच जाऊन बसतात!

ऐरोलीकर:
मग रोज ५ ग्रॅम पूड दिल्यास?

वाशीचा वाचक:
कागदावर सुमारे ११५ मिलिग्रॅम, म्हणजे अर्धा कप दुधाइतके. प्रौढांची दैनंदिन गरज १,००० मिलिग्रॅम धरली जाते. परंतु या पानांत ऑक्झॅलेटही भरपूर असते, ते कॅल्शियमला बांधून ठेवते आणि त्यामुळे त्यातील बराच भाग शरीराला मिळत नाही. दूध आणि नाचणी बंद करून पुडीवर भिस्त ठेवू नये, तसेच आईंना मूतखड्याचा त्रास झालेला असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे.

माझ्या मते या पानांचे खरे धन कॅरोटीन (ज्यापासून शरीर ‘अ’ जीवनसत्त्व बनवते ते द्रव्य) आहे: ताज्या १०० ग्रॅममध्ये साडेसात हजार मायक्रोग्रॅमहून अधिक. ते उन्हात नष्ट होते, म्हणून पाने धुऊन, पुसून सावलीत पसरावीत आणि चुरगळताच कुरकुरीत मोडू लागली की दळावीत. कॅरोटीन स्निग्ध पदार्थाबरोबर अधिक शोषले जात असल्याने पूड तेल घालूनच वाढावी.