शेजारच्या आजींचा लाकडी रेडिओ आणि रात्रीचे नऊ: तुम्ही काय ऐकलंय ते लिहा

खिडकीपाशी:
शनिवारी शेजारच्या आजींचं घर आवरायला गेले होते. आम्ही इंग्लंडात शेफील्डला राहतो. आजी ९३ वर्षांच्या, आता लेकीकडे राहायला जाणार. माळ्यावरून एक लाकडी रेडिओ खाली आला, अगदी साध्या खोक्यासारखा. कंपनीचं नाव कुठेच नाही. लेक म्हणाली, देऊन टाकू. आजींनी तो मांडीवर घेतला आणि स्वेटरच्या बाहीने हळूहळू पुसायला लागल्या. म्हणाल्या, हा १९४४ चा. लढाईच्या दिवसांत सगळ्या कारखान्यांनी एकाच नमुन्याचे सेट केले, म्हणून नाव नाही.

मग दोन तास आवराआवर राहिली बाजूला. त्यांनी मला त्यांच्या लहानपणीचा अख्खा दिवस सांगितला. सकाळी सातच्या बातम्या, वडील बुटाच्या नाड्या बांधत ऐकायचे. आठच्या बातम्यांनंतर सव्वाआठला 'किचन फ्रंट', जेमतेम पाच मिनिटं. रेशनमध्ये मिळतं त्यात काय रांधायचं ते सांगायचे. आई एका हाताने पॉरिज ढवळत जुन्या पाकिटाच्या पाठीवर उतरवून घ्यायची. संध्याकाळी 'चिल्ड्रन्स अवर', सहाच्या बातम्या. हवामान मात्र नाही, शत्रूच्या विमानांना फायदा होईल म्हणून बंदच केलं होतं.

आणि रात्री नऊ. बिग बेनचे टोले पडत असताना घरात कुणी बोलायचं नाही. मामा जहाजावर होता. आजींची आई तेवढ्या वेळात टेबलावरचा पावाचा चुरा बोटाने गोळा करायची, बारीकसा ढीग करायची. टोले संपले की तो परत पसरून टाकायची. आजींनी टेबलावर बोट फिरवून दाखवलं मला. चुरा नव्हता, तरी.

१५ ऑक्टोबर १९४० ची रात्र त्यांना लख्ख आठवते. नऊच्या बातम्या चालू असताना लंडनला बीबीसीच्या ब्रॉडकास्टिंग हाउसमध्ये बॉम्ब फुटला. ब्रूस बेलफ्रेज वाचत होते. धप्प आवाज आला, क्षणभर काहीच नाही, आणि मग पुढचं वाक्य. वडील "बंद पडला का?" म्हणेपर्यंत ते पुन्हा वाचायला लागलेसुद्धा. त्या इमारतीत सात माणसं गेली, हे आजींच्या घरी पुष्कळ नंतर कळलं.

मला माझी आजीच आठवत राहिली, सातच्या बातम्यांवर घड्याळ लावणारी. तुम्ही कामावर, शेजारी, घरात कुणाकडून त्या काळातल्या रेडिओचं काही ऐकलं असेल तर लिहा. सांगणारी माणसं फार थोडी उरलीत.

तारयंत्र:
ताई, आधी एक. तो रेडिओ थेट प्लगात घालू नका!! आतले कंडेन्सर ८० वर्षांत वाळलेले असतात, धूर निघेल. जाणकाराला दाखवा.

खिडकीपाशी:
बरं झालं सांगितलंत, आज संध्याकाळी लावणारच होते.

रात्रपाळी:
हडर्सफील्डजवळ वृद्धाश्रमात नर्स आहे. ब्रेकमध्ये लिहितेय. आमच्याकडे एक आजी होत्या, गेल्या वर्षी गेल्या. सतराव्या वर्षी दारूगोळ्याच्या कारखान्यात लागल्या होत्या. १९४० च्या जूनमध्ये 'म्युझिक व्हाइल यू वर्क' सुरू झालं, सकाळी साडेदहा आणि दुपारी तीन, अर्धा अर्धा तास. भोंग्यावर गाणी लागायची, मधे बोलणं जवळजवळ नाही. यंत्रांच्या आवाजात ऐकू यावं म्हणून गाणीही तशीच निवडायचे. एका गाण्यात मधे टाळ्या होत्या, तिथे बायका हत्यारं बाकावर आपटायच्या, म्हणून ते गाणंच कारखान्यांसाठी बंद केलं. शेवटी शेवटी त्यांना मुलांची नावं आठवत नव्हती. पण ते गाणं लावलं की बरोबर जागेवर पलंगाच्या कठड्यावर दोन बोटं. मी हात धरून बसायचे. बेल वाजली, येते.

मधुमालती:
@रात्रपाळी वाचून डोळे भरले गं. काम फार मोठं आहे तुझं.

शिरोडकर_काका:
आपली आकाशवाणीची 'कामगार सभा' आठवली. गिरणगावात प्रत्येक खोलीतून एकच आवाज. आमच्या चाळीत तर जिना चढताना गाणं तुटायचं नाही.

जोतिबाचं_खेटं:
अजून वेणू चितळेंचं नाव कुणीच घेतलं नाही? आमच्या कोल्हापूरची लेक! लढाईच्या काळात लंडनला बीबीसीत होत्या, हिंदुस्थानाकडे कार्यक्रम पाठवणाऱ्या ईस्टर्न सर्व्हिसला लेखक जॉर्ज ऑर्वेल होते त्यांच्याबरोबर काम केलं. बीबीसीचे मराठी कार्यक्रम १९४२ ला सुरू झाले तो हा काळ. आणि वर ज्याचा उल्लेख आहे त्याच 'किचन फ्रंट'वर त्यांनी इंग्रज बायकांना आपला शाकाहारी स्वयंपाक सांगितला. मांस रेशनवर, भाज्यांना रेशन नाही, म्हणजे ऐकणारीला खरंच उपयोग. बाहेर बॉम्ब पडतायत आणि कोल्हापूरची बाई माइकपुढे बसून भाजी शिकवतेय. मी शाळेत कधी हे ऐकलं नाही याचं वाईट वाटतं. मुलीला आवर्जून सांगितलंय.

मधुमालती:
अय्या हे माहीतच नव्हतं. शेफील्डच्या आजींच्या आईने पाकिटावर लिहून घेतलं असेल का?

खिडकीपाशी:
अंगावर काटा आला. विचारते आजींना.

पन्हाळकर_स:
जरा वेगळं लिहितो, राग नसावा. आमचे पणजोबा मराठा पलटणीत, इटलीत होते. इकडे सातारा भागातल्या आमच्या गावी तेव्हा रेडिओ एकही नव्हता, पणजीला खबर फक्त पत्रातून. तिला नऊचे टोले नव्हते. आणि त्याच काळात, २७ ऑगस्ट १९४२ पासून, मुंबईत उषा मेहता आणि सोबती गुप्त काँग्रेस रेडिओ चालवत होते, जागा बदलत बदलत, नोव्हेंबरात पकडले जाईपर्यंत. लंडनचा आवाज स्वातंत्र्यासाठी लढतोय म्हणायचा आणि इथे आपलं यंत्र जप्त. शेफील्डच्या आजींचं दुःख खरंच आहे, पण हेही याच धाग्यात असायला हवं.

खिडकीपाशी:
राग कसला, बरं झालं लिहिलंत. पणजोबा परत आले का?

पन्हाळकर_स:
आले. उजवा कान गेला होता. पुढे घरात रेडिओ आला तेव्हा डावीकडे वळून बसायचे.

तारयंत्र:
बॅटरीवरच्या सेटबद्दल राहिलं. वीज नसलेल्या घरात काचेच्या भांड्यातली ॲसिडची बॅटरी असायची. ती आठवड्या-पंधरवड्याला दुकानात नेऊन चार्ज करून आणायची, काम बहुतेक पोरांचं. हिंदकळली की मोज्यांना भोकं. आमच्या वाडीतही सत्तरच्या दशकापर्यंत ट्रकची बॅटरी सायकलला बांधून तालुक्याला न्यायचो. क्रिकेट असलं की दोन दिवस आधीच!

शिरोडकर_काका:
१९७१, वेस्ट इंडीज! रात्रभर जागलो होतो.

मधुमालती:
काका ते वेगळ्या धाग्यात घ्या, तिथे मीपण येते 😀 बाकी अंड्याची पावडर असायची ना तेव्हा, तिचा केक कुणी केलाय का? मुलाला शाळेच्या प्रोजेक्टला हवाय, शुक्रवारपर्यंत.

रात्रपाळी:
@मधुमालती गाजर किसून घाल, साखर कमी लागते. त्या आजींनीच सांगितलेलं.

खिडकीपाशी:
दोन गोष्टी. आजींना विचारलं. नाव आठवत नाही म्हणाल्या, पण "हिंदुस्थानातली एक बाई डाळ कशी शिजवायची ते सांगायची, आणि आमच्याकडे डाळ म्हणजे वाटाणाच" असं आपणहून म्हणाल्या. त्या वेणूताईच होत्या असं मी म्हणत नाही. नुसतं कळवतेय.

दुसरं, गावातल्या एका जुन्या मेकॅनिकने रेडिओ तपासून दिला. काल रात्री लावला. मीडियम वेव्हवर कुणीतरी फुटबॉलबद्दल बोलत होतं, खरखरीतून. आजी आवाज कमी करू देईनात. नऊ वाजले तशी लेक काहीतरी विचारायला लागली, तर आजींनी नुसता हात वर केला.