किशोरवयीनांच्या समितीला खरा अधिकार कसा द्यावा?

प्रश्न (अंबाजोगाई तालुका, जि. बीड)

नमस्कार. आमच्या गावच्या वाचनालयात गेली तीन वर्षे आम्ही सातवी ते बारावीच्या मुलामुलींसाठी उपक्रम चालवतो. गेल्या जूनमध्ये त्यांच्यातूनच नऊ जणांची समिती निवडली आणि अध्यक्ष, सचिव, खजिनदार अशी पदेही वाटली. दर रविवारी सायंकाळी सतरंजी अंथरून बैठक होते आणि इतिवृत्त लिहिले जाते, परंतु कोणताही विषय काढला तरी शेवटी "तुम्हीच ठरवा की सर" हेच ऐकू येते. या वयाच्या मुलांना जबाबदारी नकोच असते, असे माझे सहकारी आता म्हणू लागले आहेत.

एक कबुलीही द्यायला हवी. १७ सप्टेंबरच्या मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचा कार्यक्रम समितीने ठरवावा, असे मी जाहीर केले होते. मात्र बैठक झाली तेव्हा प्रमुख पाहुण्यांना होकार कळवून झाला होता आणि फलकही छापायला गेला होता. मुलांच्या वाट्याला उरले ते रांगोळीचे रंग. त्यांना नेमके कोणते निर्णय सोपवावेत, पैसे हाती द्यावेत का, आणि निर्णय चुकला तर आपण कुठवर गप्प राहावे? शिवाय दसरा-दिवाळीनंतर निम्मी मुले आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जातात आणि समिती विस्कळीत होते, हा प्रश्न वेगळाच.

उत्तर १ (लातूर)

सर, आपल्या कबुलीतच बहुतेक उत्तर आले आहे. मुलांना जबाबदारी नको असते हे मला पटत नाही. ठरून गेलेल्या गोष्टीवर मान डोलावण्याचा त्यांना कंटाळा येतो, एवढेच. रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये युनिसेफसाठी मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली होती. तिच्या खालच्या तीन पायऱ्यांना, म्हणजे मुलांचा वापर करून घेणे, त्यांना शोभेसाठी उभे करणे आणि नावापुरते विचारणे यांना, ते सहभाग मानतच नाहीत. रांगोळीचे रंग त्या तिघींपैकी कुठल्या पायरीवर बसतात, ते आपणच पाहावे. त्या शिडीची सर्वांत वरची पायरी मात्र 'मुलांनी एकट्याने ठरवणे' ही नाही. मुलांनी सुरुवात करून मोठ्यांबरोबर मिळून निर्णय घेणे ही आहे. त्यामुळे सगळे सोपवून आपण बाजूला व्हावे, असा याचा अर्थ निघत नाही.

पैशांविषयी माझा अनुभव सांगते. आमच्या गटाला मी सहा महिन्यांसाठी ₹५,००० दिले आणि तीन अटी आधीच कागदावर लिहून दिल्या: पावती हवी, हिशेब महिन्यातून एकदा सर्वांसमोर वाचायचा, आणि कोणाच्या जिवाला धोका होईल असे काही करायचे नाही. बाकी सर्व त्यांचे. मला वाटले होते पुस्तके येतील. आली व्हॉलीबॉलची जाळी. एक टोक कडुनिंबाला आणि दुसरे शाळेच्या जुन्या लोखंडी खांबाला बांधले. जाळी स्वस्तातली होती, दोन महिन्यांत फाटली, आणि त्या दिवशी "मी सांगितले होते" हे शब्द अगदी ओठांवर आले होते. मुलींनी सुतळीने ती विणून काढली आणि पुढच्या खरेदीला दोन दुकानांतून भाव काढण्याचा नियम त्यांनीच केला. नववीतल्या खजिनदार मुलीच्या वहीत आजही एक ओळ आहे: "₹४० चा हिशेब लागत नाही." ते चाळीस रुपये मी भरून दिले नाहीत.

उत्तर २ (परभणी, निवृत्त मुख्याध्यापक)

ताईंचे म्हणणे मान्य आहे, पण थोडा सावधपणाही असावा. शाळेत मी अनेक वर्षे विद्यार्थी मंत्रिमंडळाच्या निवडणुका घेतल्या. दरवेळी मोठ्या घरची, बोलकी मुलेच निवडून येत आणि गावातील गटबाजी वर्गात उतरे. म्हणून पुढे पदे दर तीन महिन्यांनी बदलायची आणि काही चिठ्ठी टाकून द्यायची, असा क्रम सुरू केला. चिठ्ठीतून आलेला एक अबोल मुलगा पाणीपुरवठा मंत्री झाला आणि आठवड्याभरात हौदाची गळती शोधून तो माझ्या खोलीत आला.

कायद्याची मर्यादाही मुलांना उघडपणे सांगावी. अठरा वर्षांखालील व्यक्तीने केलेला करार भारतीय करार कायदा, १८७२ नुसार ग्राह्य ठरत नाही. त्यामुळे मंडपवाल्याशी बोलणी मुलांनी करावीत, सही आपण करावी. सहल, विहीर, वीजजोडणी यांबाबत शेवटचा शब्द मोठ्यांचाच राहील. हे आधी सांगितले तर मुले समजून घेतात. ऐन वेळी नकाराधिकार वापरला, की त्यांचा विश्वास उडतो.

उत्तर ३ (धारूर तालुका, सध्या शिक्षणासाठी छत्रपती संभाजीनगर)

मी स्वतः पंधराव्या वर्षी अशाच एका समितीची सचिव होते, म्हणून लिहिते. आईवडिलांनी ऊसतोडीच्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेतलेली असल्यामुळे दिवाळीनंतर मलाही टोळीबरोबर जावे लागले. मार्चअखेर परतले तेव्हा माझ्या जागी दुसरी मुलगी होती, आणि मला कोणी काही विचारले नव्हते, कळवलेही नव्हते. त्या मुलीवर माझा राग नव्हता. प्रत्येक पदावर दोघांची जोडी नेमावी, एक जाणारा आणि एक राहणारा, आणि निघण्यापूर्वी वही जोडीदाराच्या हाती द्यावी. उसाच्या फडावरही फोन असतो; एखाद्या ठरावावर मत घ्यायचे तर पाच मिनिटे पुरतात.

आणखी एक. सायंकाळची बैठक मुलींना अडचणीची असते. स्वयंपाकाची वेळ असते, अंधार पडल्यावर घरातून सोडत नाहीत. मग समितीत नावे चार मुलींची आणि बोलणारे पाचही मुलगे, असे होते. शिवाय वाचनालयाची किल्ली कोणाकडे असते, तेही पाहा. आमच्याकडे ती सरांच्या घरी असे, त्यामुळे आमची बैठक त्यांची सवड असेल तेव्हाच होई.

प्रश्नकर्त्याचे पुढील निवेदन

सर्वांचे मनापासून आभार. ताईंनी किल्लीविषयी लिहिलेले वाचून थोडे ओशाळायला झाले, कारण आमचीही किल्ली माझ्याच खुंटीला होती. ती आता अकरावीतल्या एका मुलीकडे आणि तिच्या जोडीदाराकडे आठवड्याआड असते. चार महिन्यांसाठी ₹३,००० आणि अटींचा कागद दिला. पहिल्याच बैठकीत त्यांनी रविवार रद्द करून शुक्रवारी शाळा सुटल्यावरची वेळ ठरवली. रविवार आमच्या गावचा बाजाराचा दिवस. निम्म्या मुलांना आईबरोबर भाजीच्या पालावर बसावे लागते, हे मला ठाऊक होते, पण बैठकीशी त्याचा संबंध मी कधी लावला नव्हता.

दुसऱ्या बैठकीत मी वक्तृत्व स्पर्धेचा प्रस्ताव मांडला. तो सहा विरुद्ध तीन मतांनी फेटाळला गेला आणि सचिवांनी तसे इतिवृत्तात लिहून त्याखाली माझी सही घेतली. विश्वस्तांना हे अद्याप सांगितलेले नाही.