दिवे लावताच बॅटरीची खूण उजळते आणि इंजिन थरथरते. नेमका मूळ दोष कोणता?

माझ्या पेट्रोल गाडीत गेल्या तीन आठवड्यांपासून दोन तक्रारी एकत्रच उद्भवत आहेत. गाडी उभी असताना हेडलाइट आणि ब्लोअर बंद असेपर्यंत इंजिन साडेसातशे आरपीएमवर (मिनिटाला फेरे) शांत चालते, मात्र दोन्ही चालू करताच आरपीएम साडेपाचशेपर्यंत घसरतो, इंजिन थरथरू लागते आणि बॅटरीचा लाल दिवा लुकलुकतो. कधीकधी पॉवर स्टीअरिंगचा दिवाही लागतो. अ‍ॅक्सिलरेटर किंचित दाबून आरपीएम पंधराशेवर नेला की सगळे दिवे विझतात.

मल्टिमीटरने बॅटरीच्या टर्मिनलांवर मोजले असता रात्रभर उभ्या गाडीत १२.५ व्होल्ट, इंजिन चालू व भार (हेडलाइट आणि ब्लोअर) बंद असताना १३.९ आणि भार दिल्यावर १२.३ व्होल्ट मिळाले. स्कॅनरवर पी०३०० (मिसफायर, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटणे) आणि पी०५६२ (कमी व्होल्टेज) असे दोन कोड आले. मेकॅनिकच्या मते हे दोन स्वतंत्र दोष असून इग्निशन कॉइल (ठिणगीसाठी उच्च व्होल्टेज देणारा भाग) आणि ऑल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज तयार करणारा जनित्र) दोन्ही बदलावे लागतील. मला ते पटत नाही. व्होल्टेज घसरल्यामुळे ठिणगी कमकुवत होऊन इंजिन अडखळते, की इंजिन अडखळल्यामुळे ऑल्टरनेटर मंद फिरून व्होल्टेज घसरते, हे ठरवण्यासाठी कोणती तपासणी आधी करावी? स्टार्टरही (इंजिन सुरू करणारी मोटर) हल्ली जड फिरतो, तो याच्याशी संबंधित आहे का?

प्रतिसाद:
स्टार्टरची नोंद तुम्ही शेवटी केली असली तरी माझ्या दृष्टीने तीच सर्वांत महत्त्वाची आहे, कारण बॅटरी भरलेली असूनही स्टार्टर जड फिरत असेल तर विजेच्या वाटेत कुठेतरी विरोध वाढलेला असतो. इंजिन चालू आणि भार दिलेला असताना मीटरची एक पिन बॅटरीच्या ऋण टर्मिनलवर व दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर ठेवा, फरक ०.२ व्होल्टपेक्षा जास्त आला तर अर्थिंगची तार (बॅटरीचे ऋण टोक इंजिनाला जोडणारी) खराब आहे. तसेच बॅटरीचे धन टर्मिनल आणि ऑल्टरनेटरचा मुख्य बोल्ट यांच्यातही मोजा. दोन्हीकडे फरक नगण्य असेल तरच ऑल्टरनेटरचा पट्टा, ब्रश आणि डायोड यांच्याकडे वळा. चालू इंजिनावर बॅटरीची तार काढून ऑल्टरनेटर तपासण्याचा जुना प्रकार मात्र करू नका, त्याने इलेक्ट्रॉनिक नियंत्रक जळू शकतो. आणि चेक इंजिनचा दिवा स्थिर न राहता लुकलुकू लागला, तर गाडी चालवणे थांबवा. न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला (धूर शुद्ध करणारा भाग) निकामी करते.

मूळ प्रश्नकर्ता:
अर्थिंगच्या बाजूला १.४ व्होल्टचा फरक मिळाला. गिअरबॉक्सजवळच्या बोल्टखाली तारेचे टोक गंजून हिरवे पडले होते. ते घासून घट्ट बसवल्यावर भारासह १३.८ व्होल्ट मिळतात, बॅटरीचा दिवा लागत नाही आणि स्टार्टरही हलका फिरतो. किंचित थरथर अजून आहे, आणि कोड पुसल्यावर आता केवळ पी०३०२, म्हणजे दुसऱ्या सिलिंडरचा मिसफायर, परत आला आहे. उद्या दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या कॉइलची अदलाबदल करून कोड पी०३०३ होतो का, म्हणजे दोष कॉइलबरोबर तिसऱ्या सिलिंडरकडे जातो का, ते पाहतो. झाला तर कॉइलबाबत मेकॅनिकचे म्हणणे खरे मानावे लागेल.